शनिवारच्या धिंगाण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझी बायको कामावर असणार, समोरच्या घरातला चार वर्षांचा मित्र तुझ्या लेकीशी खेळायला येणार आणि मोठं माणूस घरात तू एकटाच. "दोघांना दोन तास कशात गुंतवून ठेवू?" असं विचारलंस. कशातच नको. चित्रं, कागदकाम, गोष्ट, गाणी असं वेळापत्रक आखलंस तर ते अर्ध्या तासात संपेल आणि मग दोघंही "आता काय?" म्हणून तुझ्या तोंडाकडे बघत बसतील. खेळ त्यांना सुचतो. तू घर तयार ठेव आणि नीट बघत राहा. यातलं बघत राहणं जास्त अवघड आहे, म्हणून पत्र थोडं लांबणार आहे.

घराचं आधी उरकते. बाल्कनीचं दार वरच्या कडीनं बंद. खिडकीखाली खुर्ची, स्टूल, दिवाण काही नको. बाथरूममधली भरलेली बादली रिकामी करून उपडी घाल. खेळण्यांतले, छोट्या रिमोटमधले ते चपटे बटणासारखे सेल असतात ना, त्यांची झाकणं स्क्रूनं घट्ट आहेत का बघ. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजल्यासारखी जखम होते. खायला शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून दे आणि खाणं बसूनच, पळता पळता घास नाही. पाहुण्याला कशाची ॲलर्जी आहे का आणि शी-शू लागली की तो कसं सांगतो, कोणाची मदत चालते, हे त्याच्या आईला आदल्या दिवशीच विचारून घे.

महागडं काही आणायला धावू नकोस. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि आसपास मिळेल त्यातून खेळाचं साहित्य उभं केलं. तुझ्या दोन खोल्यांतही तेवढं सहज जमेल. रिकामे खोके, जुन्या ओढण्या, झाकणाचे डबे, भातुकली. एकच भारी वस्तू असण्यापेक्षा साध्या वस्तू दोन-दोन असू देत, निम्मी भांडणं तिथेच टळतात.

आणि एक, पाहुणा यायच्या आधी लेकीला विचार, "आज कुठली खेळणी कपाटात ठेवायची?" दोन-तीन ती निवडेल, तिची लाडकी बाहुली त्यात असेलच. ती तिच्या हातानं आत ठेवू दे. बाहेर राहिलं ते दोघांचं. आपल्या घरांत "तो पाहुणा आहे ना, दे त्याला" हे वाक्य फार सहज निघतं. मला ते मनापासून आवडत नाही. कुणी घरी आलं की आपल्या हातातलं जातं, एवढंच मूल त्यातून शिकतं, आणि मग पुढच्या वेळी दारावरची बेल वाजताच रडायला लागतं.

सुरुवातीला दोघं पाठीला पाठ लावून आपापलं काहीतरी करत बसतील. "अरे, एकत्र खेळा ना!" म्हणू नकोस. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेनं बालवाडीच्या वयाच्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ साली खेळाचे प्रकार मांडले. त्यात दुसऱ्याचा खेळ नुसता बघत उभं राहणंही आहे आणि शेजारी-शेजारी आपापलं खेळणंही आहे. तुझी लेक अजून साडेतीनची नाही. तिचं शेजारी बसून खेळणं हे खेळणंच आहे. हळूहळू एकाचा डबा दुसऱ्याच्या ट्रकमध्ये जाईल, आणि मग तुला काही करावं लागणार नाही.

आता धिंगाण्याचं. कधीतरी ते एकमेकांच्या मागे धावतील, गादीवर उड्या मारतील, एकमेकांच्या अंगावर पडून लोळतील. खालच्या मजल्यावरच्या आजींची आठवण येऊन तू "बास! शांत बसा!" म्हणायला जाशील. त्याआधी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघ. ही सवय तू लावून घ्यावीस असं मला फार वाटतं. आवाजावरून काहीच कळत नाही, खेळातली कुस्ती आणि खरी मारामारी आतल्या खोलीत बसून ऐकलीस तर सारखीच वाटते. निकोलस ब्लर्टन जोन्स या ब्रिटिश संशोधकानं बालवाडीतली मुलं तासन् तास बघून १९६७ साली हा फरक लिहून ठेवला. खेळातल्या झटापटीत तोंड उघडं, हसरं असतं. धावणं, उड्या, लोळणं चालतं, आणि झटापट संपली तरी मुलं एकमेकांजवळच राहतात. खऱ्या भांडणात कपाळाला आठ्या, नजर रोखलेली, आणि बहुतेक वेळा हातात किंवा मध्ये एखादी वस्तू असते. संपल्यावर दोघं लांब जातात. बालवाडीत मी हे रोज पाहिलं आहे. आणखी एक खूण माझी: पाळी बदलते का बघ. आत्ता हा वर, मग ती वर, असं चाललं असेल तर राहू दे. एकच जण सतत खाली असेल आणि त्याचं हसू थांबलं असेल, तर जा.

खेळ चढत गेला की हसण्याचा सूर किंचाळण्याकडे वळतो आणि मुलं समोर न बघता धावू लागतात. दमलेली असतात, पण त्यांना ते कळत नसतं. रडारडीच्या थोडंसं आधीची ही वेळ पकडता आली तर अर्धं काम झालं. ओरडून थांबवू नकोस. तुझा आवाज चढला की त्यांचाही चढतो. तू स्वतः जमिनीवर बस आणि हळू आवाजात "आपडी थापडी, गुळाची पापडी" सुरू कर. दोघं येतात. मग पाणी, मग खाणं. एरवी त्याच खोलीत भाजी निवडत किंवा कपड्यांच्या घड्या घालत बस. हातात फोन नको, कारण त्यात बघताना चेहरे दिसत नाहीत.

भांडण होईलच. एक गाडी, चार हात. जाऊन उकिडवा बस, गाडीवर नुसता हात ठेव, हिसकावून घेऊ नकोस. "आधी कोणी घेतली?" विचारलंस तर दोघंही "मी" म्हणतील आणि दोघांनाही ते खरंच वाटत असेल. तू फक्त दिसतंय ते सांग: "गाडी एक आहे, दोघांना हवी आहे." आणि थांब. हे थांबणं जड जातं, पण पुष्कळदा त्यातून "तू चालव, मी पेट्रोल भरतो" असं काहीतरी निघतं. नाहीच निघालं तर "तिचं झालं की तुला" असं ठरव, आणि ते खरंच होतंय ना यावर लक्ष ठेव. शब्द पाळला गेला नाही तर तुझ्या पुढच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

हात उगारला, चावायला गेलं, ढकललं, तर मात्र थांबायचं नाही. हात हवेत धर. "मारू देणार नाही," एवढंच म्हण. ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जा. "सॉरी म्हण" म्हणून खनपटीला बसू नकोस. त्यापेक्षा ज्यानं मारलं त्याला ओला रुमाल आणायला सांग. आणि पाहुण्यासमोर आपलं घर शिस्तीचं आहे हे दाखवायला लेकीला दुप्पट रागावणं हा फार मोठा अन्याय आहे. तो करू नकोस.

निघायच्या वेळी "अजून दहा मिनिटं" म्हणून उपयोग नाही, या वयाला दहा मिनिटं कळत नाहीत. "अजून तीन उड्या, मग चपला," असं सांग आणि उड्या मोठ्यानं मोज.

मुलाची आई न्यायला आली की तेवढ्या वेळात कुठे आपटलं, खरचटलं असेल ते दारातच, किती वाजता झालं त्यासकट सांग. डोक्याला लागलं असेल तर तिनं निदान दुसऱ्या दिवसापर्यंत लक्ष ठेवायला हवं. उलटी झाली किंवा मूल नेहमीपेक्षा जास्त पेंगुळलं तर लगेच डॉक्टरांकडे, हेही सांग. भांडणाचा पाढा मात्र वाचू नकोस, मुलांसमोर तर मुळीच नाही. आणि पुढचा शनिवार त्यांच्या घरी ठरवून टाक.

तुझी,
बाई