बर्लिनमध्ये भाड्याची जागा: खाली काय आहे ते आधी बघा

तुम्ही विचारलंय की बर्लिनच्या नॉयकोल्न भागात खाली दुकानं असलेल्या जुन्या इमारतीत राहावं, की शहराच्या कडेला निव्वळ रहिवासी भागात. सोबत चार वर्षांची मुलगी, आणि आई तीन महिने येणार. माझं मत विचाराल तर दुकानांवरची जागा घ्या. फक्त ती दुकानं कसली आहेत आणि तुमची झोपायची खोली कुठल्या बाजूला उघडते, हे जाऊन बघा.

जुनं बर्लिन वाढलंच असं. 1862 च्या होब्रेख्त आराखड्याने, म्हणजे शहराच्या विस्ताराच्या योजनेने, रस्ते आखले, त्यांच्यामधल्या आत लांबवर गेलेल्या जमिनी बिल्डरांनी भरल्या: रस्त्याकडे फोर्डरहाउस (पुढचं घर), मागे हिंटरहाउस (मागचं घर), मधे वाड्यासारखा मोकळा चौक, आणि चौकात कारखाने. 1906 चे हाकेशे होफे हे बर्लिनमधलं इमारतींचं संकुल बघून या. आठ चौकांत घरं, कचेऱ्या, कारखाने, नाट्यगृह. पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही.

गोंगाटाची भीती बरोबर आहे, पण त्यालाही नियम आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 धंद्याचा आवाज तुमच्या खिडकीबाहेर निव्वळ रहिवासी भागात 35 डेसिबल, साध्या रहिवासी भागात 40, मिश्र भागात 45 पर्यंत चालतो. 2017 मध्ये आलेल्या ‘ऊर्बानेस गेबीट’ (शहरी भाग) या प्रकारात दिवसा मिश्र भागापेक्षा आणखी 3 डेसिबलची सूट आहे, रात्री नाही. रस्त्यावरच्या गाड्या या हिशोबात येत नाहीत, म्हणून झोपायची खोली चौकाकडे हवी. मात्र चौकात खालच्या बारचे कचऱ्याचे डबे असले तर रिकाम्या बाटल्या ओतल्याचा आवाज थेट वर येतो. खाली बेकरी, औषधांचं दुकान, डॉक्टर असेल तर डोळे मिटून घ्या. रेस्टॉरंट असेल तर स्वयंपाकघराचा धूर कुठून बाहेर पडतो ते बघा. आणि जागा बघायला शुक्रवारी रात्री जा, मंगळवारी दुपारी सगळ्याच इमारती शांत असतात.

कडेच्या भागात जागा मोठी मिळेल, पण दुधाच्या पिशवीसाठीही बस. आईंना जर्मन येत नाही; खाली उतरून बोटाने दाखवून पाव घेता आला तर तीन महिने बरे जातील. रविवारी मात्र कुठेही राहिलात तरी बहुतेक दुकानं बंदच, शनिवारीच सामान भरून ठेवा. अगदीच अडलं तर हाउप्टबानहोफ या मुख्य रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात.

जुन्या इमारतींत बरेचदा लिफ्ट नसते. आईंचे गुडघे कसे आहेत?