परभणीच्या काळ्या मातीत कोई माशांचं तळं जमेल का?

तुम्ही विचारलंय की परभणीत घरामागे १५ बाय २० फुटांची जागा आहे, तिथे कोई या शोभेच्या रंगीत माशांचं तळं करायचंय, पण आपल्याकडचं ऊन आणि पाण्याची बोंब बघता मासे टिकतील का.

टिकतात. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच गावात मी तळं सांभाळतोय. म्हणूनच तुम्ही माशांच्या रंगाआधी पाण्याचं विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं.

माझं सांगणं एकच: आखणी मे महिना डोळ्यांपुढे ठेवून करा. ऑगस्टमध्ये कुठलंही तळं छानच दिसतं. कोई हा जपानच्या निइगाता भागात, बर्फ पडणाऱ्या डोंगराळ मुलखात निपजलेला मासा. थंडी तो सहज काढतो, त्याला उकाडा बाधतो. २० अंशांच्या पाण्यात लीटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि नेमकं तेव्हाच माशाला जास्त लागतो. पहाटे मासे वर येऊन गपागप तोंड उघडताना दिसले, की ऑक्सिजन कमी पडलाय असं समजा. रात्रभर शेवाळंही ऑक्सिजन वापरत असतं, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट.

त्यामुळे पसरट तळं नको, खोल करा. १० बाय ८ फूट आणि खोली ५ फूट धरली तर ११ हजार लीटरच्या आसपास पाणी बसतं. एवढंच पाणी २ फूट खोलीत बसवायचं तर पृष्ठभाग अडीचपट होतो आणि बाष्पीभवनही त्याच हिशेबानं वाढतं. भर उन्हाळ्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडतं असं धरलं, तर तुमच्या ८० चौरस फुटांतून रोजचे पाऊणशे लीटर जातील. वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट मार्चपासूनच ताणा, म्हणजे तेही कमी होईल. खंड्या आणि बगळ्यांपासूनही राखण होते. तळ्यावर कडुलिंबाची सावली मात्र नको, पानगळीत पाला पडून पाणी सडतं.

आता माती. परभणीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. साधं वीटबांधकाम तिच्यात दोन-तीन वर्षांत तडकतं. मुरूम लागेपर्यंत खणा, बाजूची काळी माती काढून तिथे मुरूम दाबून भरा. आरसीसी परवडत असेल तर उत्तमच, पण माझा कौल शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाला. माती थोडी हलली तरी तो तडकत नाही, आणि तो जोडून देणारी माणसं शेततळ्यांमुळे आता तालुक्यालाही मिळतात. सिमेंटचंच केलंत तर मासे सोडण्याआधी तीन-चार वेळा पाणी भरून सोडून द्या. ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. काठ जमिनीपेक्षा फूटभर उंच ठेवा, म्हणजे अंगणातलं वाहतं पाणी आत येणार नाही.

तळाला मधोमध ढाळ देऊन ४ इंची पाइप बसवाच. गवंडी म्हणेल, 'कशाला, मोटारीनं उपसू की.' ऐकू नका. विष्ठा आणि गाळ तळाशीच बसतो, तो तिथूनच निघाला पाहिजे. पाइपमधून पाणी आधी गाळ बसवणाऱ्या टाकीत, मग फिल्टरमध्ये, तिथून धबधब्यासारखं परत तळ्यात. सगळं पाणी दोन तासांत एकदा फिरावं, म्हणजे ताशी साडेपाच-सहा हजार लीटरची मोटार लागेल. फिल्टरचं खरं काम जिवाणू करतात: माशांनी सोडलेल्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट. पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी, तितका अमोनिया जहाल, आणि आपलं बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मीच असतं. म्हणून फिल्टरवर काटकसर नको, वाटल्यास कडेचे शोभेचे दगड कमी घ्या. लाइट गेली तर हवेचा छोटा पंप इन्व्हर्टरवर चालेल अशी सोय पहिल्याच दिवशी करा.

पाणी गच्चीचं घ्या. १ हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती धरूनही पन्नासेक हजार लीटर हाती लागतं. पहिल्या पावसाचं धुळकट पाणी मात्र सोडून द्या. नळाचं घ्यायचं झालं तर त्यातला क्लोरीन घालवल्याशिवाय तळ्यात सोडू नका, त्यासाठी सोडियम थायोसल्फेट मिळतं. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला आणि काढलेलं केळीला, कढीपत्त्याला घाला. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांना खतच, त्यामुळे बागेला वेगळं पाणी फारसं लागत नाही. टंचाईत शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे सांगता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

खोदाई मार्च-एप्रिलात उरका, पहिल्या जोरदार पावसांत तळं भरा, महिना-दीड महिना फिल्टर चालू द्या आणि सप्टेंबरच्या सुमाराला मासे सोडा. एवढ्या पाण्यात मोठे झालेले आठ-दहा कोईच सुखानं राहतात, ते दोन फुटांपर्यंत वाढतात. नवीन मासे आधी तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. आणि जास्त झाले म्हणून दुधना-गोदावरीत कधीही सोडू नका, कुणाला तरी द्या.