लवचिक भागाचं मॉडेल हलकं करताना

प्रश्न : कनेक्टिंग रॉडच्या मेशमध्ये (गणितासाठी केलेल्या जाळीत) दोन लाख नोड (जाळीचे बिंदू) आहेत. इंजिनाच्या सिम्युलेशनसाठी किती मोड (कंप पावताना रॉड घेतो ते ठरावीक आकार) पुरतील?

मोडचा आकडा नंतर. आधी रॉड कुठे धरला जातो ते ठरवा. पिस्टनकडची पिन आणि क्रँकपिन असे दोन इंटरफेस नोड (बाकी यंत्राशी जोडणारे बिंदू), प्रत्येकाच्या सहा हालचाली (तीन सरकण्याच्या, तीन वळण्याच्या), एकूण १२. क्रेग आणि बॅम्प्टन यांच्या १९६८ च्या पद्धतीत यातली एकच हालचाल एका एककाने द्यायची, बाकीच्या ११ रोखायच्या आणि रॉडचा बदललेला आकार साठवायचा. असे १२ स्थिर आकार मिळतात. जोडीला दोन्ही इंटरफेस जखडून काढलेले कंपनाचे मोड घ्यायचे. ज्या वारंवारतेपर्यंत उत्तर हवं, तिच्या दुप्पट मर्यादेपर्यंतचे घ्यावेत, असा सराव आहे. समजा असे आठ निघाले, तर सहा लाख अज्ञातांचे (मेशच्या प्रत्येक नोडच्या तीन सरकण्याच्या हालचाली) २० झाले. त्यांची लंबीय मांडणी केली, म्हणजे ते एकमेकांपासून स्वतंत्र अशा मोडांत बदलले, की सहा मोड रॉडच्या न वाकता होणाऱ्या हालचालीचे निघतात. ती हालचाल सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) वेगळी मोजतोच, म्हणून ते बंद करा. उरले १४.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. पिनच्या भोकाचा पृष्ठभाग मधल्या इंटरफेस नोडला ताठ जोडला, तर भोक गोलच राहतं आणि रॉड खोटा कडक होतो. मग तिथल्या ताणाचा आकडा अहवालात घालू नका.

प्रश्न : मी फक्त मोकळ्या (कुठेही न धरलेल्या) रॉडचे मोड वापरले. ५० घेतले, तरी पिनजवळचा ताण कमीच येतो. असं का?

पिनवरचा भार एका जागी एकवटलेला असतो. तिथलं स्थानिक दबणं मोकळ्या मोडांतून उभं करायचं, तर फार वरच्या वारंवारतेचे पुष्कळ मोड लागतात, आणि नेमके तेच तुम्ही गाळलेत. स्थिर आकार हे दबणं थेट देतात. लंबीय मांडणीनंतर हे आकार अतिउच्च वारंवारतेचे मोड म्हणून यादीत दिसतात आणि सॉल्व्हरचं वेळेचं पाऊल बारीक करतात. वेळ वाचवण्यासाठी पुष्कळजण ते उडवतात. कृपा करून उडवू नका, त्यांना जास्त डॅम्पिंग (कंपन शमवणारा विरोध) द्या. वेग बराच परत मिळतो आणि दबणं शाबूत राहतं.

प्रश्न : सिम्युलेशनमध्ये फिरणारं पातं वेग वाढवला की वाकतच जातं. प्रत्यक्षात तर ते ताठ व्हायला हवं ना?

हो. पातं वाकताना त्याचं टोक किंचित आत सरकतं. साध्या रेषीय मोडांत हे सरकणं नसतं, त्यामुळे अपकेंद्री बलाने येणारा ताठपणा हिशेबातून निसटतो. केन, रायन आणि बॅनर्जी यांनी १९८७ मध्ये हा दोष स्पष्ट दाखवला. पात्याचे चार-पाच तुकडे करून प्रत्येकाला स्वतःची फिरती संदर्भ-चौकट द्या, किंवा भौमितिक कडकपणाची मॅट्रिक्स (भागातल्या ताणामुळे येणारा ताठपणा मांडणारी) जोडा. मोड वाढवून हे सुटत नाही.

प्रश्न : भाग थेट अलवचिक धरला तर?

त्याची पहिली नैसर्गिक वारंवारता उत्तेजनेच्या (त्याला हलवणाऱ्या बलाच्या) वारंवारतेच्या कितीतरी वर असेल, तर खुशाल धरा. अंतराळयानाचं मात्र तसं नाही. १९५८ चा ‘एक्स्प्लोरर १’ उपग्रह लांब अक्षाभोवती फिरवून सोडला होता. त्याच्या लवचिक अँटेनांत ऊर्जा जिरत गेली आणि काही तासांतच तो आडवा गरगरू लागला. तिथे वारंवारतेआधी ऊर्जा कुठे जिरते ते तपासा.