मुलीला रायफल द्यावी की पिस्तूल? आणि रिव्हॉल्व्हरची मजा वेगळीच असते का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेच्या शिबिरात एअर रायफल चालवून आल्यापासून तिने नेमबाजीचा ध्यास घेतलाय, आणि तुम्हाला स्वतःला रिव्हॉल्व्हरचं आकर्षण आहे. इथपर्यंत ठीक होतं. पुढे तुम्ही सहज जोडलंय, "रायफलवाल्यांचं निम्मं काम जॅकेटच करतं असं ऐकलं." या एका वाक्यासाठी मी रात्री साडेअकराला उत्तर लिहायला बसले आहे. हे वाक्य माझ्या चुलतभावाचं आहे. तुम्ही ते दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असेल, पण मूळ धनी तोच असणार.

आम्ही कोल्हापूरचे. मी एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा मारणारी, दादा तसंच एअर पिस्तूल. दोघंही राज्य स्पर्धेच्या पुढे फारसे गेलो नाही, त्यामुळे भांडायला भरपूर वेळ होता. दादाचं म्हणणं असं, की पिस्तूल म्हणजे एक हात, एक किलोचं लोखंड आणि देव. रायफलवाला कडक जॅकेट, कडक पँट, सपाट तळव्याचे बूट, हातमोजा असं चढवून उभा राहतो, म्हणजे जवळपास कपाटच. "अगं ए, जॅकेट उभं करतंय तुला. तू नुसती आत बसलीयास." हे तो मला जिल्हा स्पर्धेत माझा स्कोअर लागल्यावर बोर्डासमोर म्हणाला होता. चारचौघांत.

२०१० च्या ऑगस्टमध्ये तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, ६०० पैकी ५९७. गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी दादाला फोन केला, तर म्हणतो, "झोपून मारतात तो प्रकार ना?" तेव्हाच ठरवलं, याला एकदा रायफल हातात द्यायचीच.

दिवाळीच्या सुट्टीत मुहूर्त लागला. अदलाबदल. मी त्याच्या पिस्तुलाने ४० गोळ्या, तो माझ्या रायफलने ४०. (तेव्हा मुलींना ४० आणि मुलांना ६० असत. २०१८ पासून दोघांनाही ६०.) हरेल त्याने सगळ्या घराला मिसळ घालायची. साक्षीला आबा, म्हणजे दादाचे वडील, माझे थोरले काका. आबा येताना कमरेला .३२ चं रिव्हॉल्व्हर लावून आले. त्यावर नंतर येते.

आधी मी. पिस्तूल हातात घेतलं आणि पहिल्या मिनिटात कळलं की आपण सहा वर्षं ज्याला नेम समजत होतो तो इथे उपयोगाचा नाही. रायफलच्या टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पिस्तुलाचं साडेअकरा मिलिमीटर. ऐकायला पिस्तूल सोपं वाटतं ना? पण रायफल पाच किलोची असली तरी तिचं वजन हाडांवर बसतं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलं, पाठ थोडी मागे कलली, गाल दस्त्याला लागला की सगळं शांत होतं, आणि डायॉप्टरच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक भोकाच्या साइटच्या, गोलात टार्गेटचा काळा गोल बसला की चाप दाबायचा. पिस्तूल कशालाच टेकलेलं नसतं. ते हलतं. कितीही वर्षं केलीत तरी हलतं. पिस्तूलवाला ही हालचाल मान्य करतो, नजर फक्त पुढच्या साइटवर, नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर, ठेवतो, टार्गेट धूसर होऊ देतो आणि हलतानाच चाप मागे आणतो. मी रायफलच्या सवयीने ते थांबायची वाट बघत बसले. पाच सेकंद, दहा सेकंद, श्वास संपला, डोळ्यात पाणी आलं आणि मग घाईने चाप झटकला. सहा. पुन्हा सहा. एकदा चार. शेवटच्या दहा गोळ्यांत थोडं उमगलं. एकूण ४०० पैकी ३२२.

मग दादा. इथे घोटाळा झाला. माझं जॅकेट त्याच्या पोटावर मिटेना. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि वहिनीच्या हाताला चव आहे. दुसरं जॅकेट तिथे कुणाकडे नव्हतं, म्हणून गडी नुसत्या शर्टावर उभा राहिला. एका कार्डावर एक गोळी, कप्पीच्या दोरीने कार्ड पुढे-मागे, अशी चाळीस कार्डं. विसाव्यानंतर त्याची कंबर बोलायला लागली. स्कोअर २९६.

मी नाचले. दादाने शांतपणे रायफल स्टँडवर ठेवली आणि म्हणाला, "बघ. जॅकेट नव्हतं म्हणून."

तुमच्या लक्षात आलं का? माणूस हरला आणि हरण्यातूनच त्याने स्वतःचा मुद्दा सिद्ध केला! माझं डोकं फिरलं. मी जॅकेट बाजूलाच ठेवलं, फक्त रायफलची पँट चढवून टी-शर्टवर दहा गोळ्या मारल्या. १०० पैकी ९१. माझा नेहमीचा दहाचा स्कोअर ९७ च्या आसपास असे. मला वाटलं, खटला निकाली निघाला. दादा म्हणाला, "म्हणजे सहा मार्क जॅकेटचे." मी म्हणाले, "आणि एक्क्याण्णव कुणाचे?" आबा म्हणाले, "मिसळ कोण देणार ते बोला."

मिसळ दादाने दिली. पण तेव्हापासून आमच्या घरात "सहा मार्क" हा वाक्प्रचार झाला आहे. कुणाला बढती मिळाली, कुणाचं लग्न चांगल्या ठिकाणी जमलं, की दादा विचारतो, "यात जॅकेटचे किती?"

आता खरं सांगायचं तर जॅकेट काहीच करत नाही असं नाही. पाठ मागे कलवून पाच किलो पेलायचे तर कमरेच्या मणक्यांवर भार येतो, तो जॅकेट वाटून घेतं, आणि छातीची धडधड बंदुकीपर्यंत कमी पोचते. म्हणूनच स्पर्धेत त्याचा कडकपणा आणि जाडी यंत्राने मोजतात, कापडाचा एक थर अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही. पण रायफल बसते ती हाडांच्या मांडणीवर. ती चुकली तर जॅकेट तुम्हाला चुकीच्याच जागी घट्ट धरून ठेवेल. दादाला हे पटत नाही. त्याने उभ्या आयुष्यात एकदाच रायफल धरली, तीही शर्टावर.

आता आबांचं रिव्हॉल्व्हर. तुमचं आकर्षण तिथेच आहे म्हणून जरा नीट सांगते.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२. वेब्ली या इंग्रजी कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं, नळी वीतभरही नाही. गावच्या राजकारणातून वाकडं आलं तेव्हा आबांनी परवाना काढला होता. गंमत अशी की राजकारणाच्या भीतीने घेतलेली वस्तू दर निवडणुकीत, आचारसंहिता लागली की, पोलीस ठाण्यात जमा. म्हणजे नेमकं जेव्हा लागेल असं वाटायचं तेव्हा ते आबांकडे नसायचं. बाकी वर्षभर कपाटात, आणि खंडेनवमीला पाटावर. हळदकुंकू, झेंडूचं फूल, शेजारी कोयता आणि ट्रॅक्टरची किल्ली.

आमची अदलाबदल बघून आबांना चेव आला. एअरच्या हॉलमध्ये .३२ चालत नाही, म्हणून परवानगी घेऊन त्यांना २५ मीटरच्या लेनवर नेलं. समोर पिस्तुलाचं मोठं टार्गेट, बाहेरचं वर्तुळ अर्धा मीटर व्यासाचं. म्हणजे ताटापेक्षा मोठं. आबांनी सिनेमातल्यासारखा एक हात लांब केला आणि चाप ओढला. ओढला म्हणजे खरंच ओढला. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, आधी मागे न घेता मारायचं तर त्या चापाला कित्येक किलोचा जोर लागतो. दादाच्या एअर पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅमचा, स्पर्धेत त्याहून हलका चालत नाही. आबांच्या तर्जनीबरोबर मनगट, मनगटाबरोबर खांदा, सगळी वरात निघाली. पहिली गोळी मातीत. दुसरी नुसती 'टक्'. काडतूस फुटलं नाही. अकरा वर्षांपूर्वी घेतलेली पेटी होती.

आणि इथे आबांनी ते रिव्हॉल्व्हर वळवून नळीत बघायला सुरुवात केली.

रेंज ऑफिसरने जी झडप घातली ती मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. मनगट धरून नळी पुन्हा टार्गेटकडे. काडतूस कधी कधी उशिरानेही पेट घेतं, म्हणून 'टक्' झालं की नळी समोर ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं असतं, हे आबांना वीस वर्षं परवाना बाळगूनही कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या चारपैकी एक गोळी कागदाला लागली, तिनाच्या वर्तुळात. आबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत. आल्यावर काकूंना म्हणाले, "कागद लांब होता."

म्हणून रिव्हॉल्व्हरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती बाळगायची वस्तू आहे, खेळायची नाही. नळी आखूड, त्यामुळे मागची-पुढची साइट जवळजवळ, म्हणजे नेमातली केसाएवढी चूक टार्गेटवर हातभर होते. गोळ्या महाग, परवान्यावर मोजून मिळणार, मग सराव कशाचा करणार? २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून काढलं, किंमत लाखाच्या वर. एवढ्या पैशांत मुलीचं दोन-तीन वर्षांचं प्रशिक्षण होतं. आणि कृपा करून लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायचा विचारही करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

दादा इथे आडवा येईल, म्हणून त्याचाही मुद्दा लिहून टाकते. .३२ चं तेच काडतूस सेंटरफायर पिस्तूल या पुरुषांच्या प्रकारात चालतं, फक्त गोळी सपाट तोंडाची, कागदाला भोक स्वच्छ पाडणारी. त्या प्रकारात नियमाने रिव्हॉल्व्हरलाही बंदी नाही. क्लबच्या पिस्तुलाने दादा त्याच २५ मीटरवर सगळ्या गोळ्या नऊ-दहाच्या वर्तुळांत एकत्र बसवतो. म्हणजे दोष काडतुसाचा नाही. आबांसमोर हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

आता तुमच्या मुलीचं. आधी तिचा प्रभावी डोळा कुठला ते बघा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये लहानशी खिडकी करायला सांगा आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं तो प्रभावी. हात उजवा आणि डोळाही उजवा असेल तर दोन्ही दारं उघडी. हात उजवा आणि डोळा डावा असेल तर रायफलमध्ये खांदा बदलण्याची किंवा डोळ्यावर पट्टी लावण्याची कटकट आहे, पिस्तुलात मान थोडी वळवून भागतं. शिवाय स्वभाव. जिला एकच गोष्ट शंभर वेळा तशीच्या तशी मांडायला आवडते, वहीला समास आखते, ती रायफलची. जिला चुकलेला शॉट लगेच विसरता येतो ती पिस्तुलाची. खर्चात पिस्तूल हलकं, कारण कपडे नाहीत. दोन महिने क्लबच्या बंदुकांवर दोन्ही करू द्या, तोवर काही विकत घेऊ नका.

"मुलींनी रायफलच घ्यावी" असं कुणी सांगितलं तर हसून सोडा. मलाही तसंच सांगून रायफलला लावलं होतं. २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने पालेंबांगला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, त्या दिवशी दादाने मला सात फोन केले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलातल्या दोन कांस्यांनंतर तर तो आठवडाभर ऐकवणार होता, पण दोनच दिवसांत कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या रायफल प्रकारात, कांस्य घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि तेही रायफलचं. मी दादाला फक्त एक फोटो पाठवला. जॅकेट घातलेल्या स्वप्नीलचा. उत्तर आलं, "सहा".

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, रिव्हॉल्व्हरबद्दल एवढं ठणकावून लिहिलं, पण मी ते एकदाही चालवलेलं नाही. परवाना आबांचा, त्यामुळे हात लावायचा प्रश्नच नव्हता. दुसरी, माझी स्वतःची कंबर गेली. चौथ्या-पाचव्या मणक्यात गादी सरकली आणि डॉक्टरांनी मागे कलून वजन धरायला कायमची बंदी घातली. लहान वयात पाठीचे व्यायाम न करता रोज तीन तास रायफल धरल्याचा परिणाम. मुलगी रायफल घेणार असेल तर पहिल्या दिवसापासून पोटा-पाठीचे व्यायाम करून घ्या, प्रशिक्षक म्हणोत वा न म्हणोत.

गेली दोन वर्षं मी पुण्यात रविवारी सकाळी पिस्तूल मारते. मागच्या रविवारी ६०० पैकी ५३८. हलणारं पिस्तूल आता हलू देते. दादाला हे ठाऊक नाही. तो अशा ठिकाणी काही वाचत नाही, म्हणून तर इथे लिहिते आहे.

जॅकेट अजून माझ्याकडे आहे. आजच्या नियमांत ते कदाचित बसणार नाही, पण सरावाला उत्तम. मुलीची उंची पाच-दोनच्या आसपास असेल तर कळवा. पोटाला थोडं घट्ट आहे.