भरतीची वेळ मोबाइलला विचारावी का?

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. भूगोलातल्या ‘भरती-ओहोटी’वर प्रकल्प करायचा होता, तर मोबाइलवर एआयला विचारून त्याने चार पानं झटक्यात उतरवली. शाळेत स्मार्ट टीव्ही आलाय, पण पावसाळ्यात वीज सारखी जाते. घरचे म्हणतात, मोबाइल काढून घे. काय करू?
– एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, मोबाइल काढून घेऊ नका, प्रकल्प मात्र नव्याने करायला लावा. त्या पानांतली माहिती बरोबरही असेल, पण त्यातलं एकही वाक्य त्याने पडताळलेलं नाही. आणि समुद्र तर तुमच्या दारात आहे!

अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत, दिवसाउजेडी येणारी भरती कधी पूर्ण भरते ते त्याने धक्क्यावरून टिपावं. (सोबत मोठं माणूस हवंच.) तारीख, तिथी, वेळ मोबाइलमधल्याच गूगल शीट्समध्ये भरून आलेख काढावा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकताना दिसेल. का? पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईस्तोवर चंद्रही पुढे गेलेला असतो. हे त्याने खुशाल एआयला विचारावं, कारण आता प्रश्न त्याचा स्वतःचा असेल.

मग दर्यावर्दी माणसांकडे जावं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा, हा जुना हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. तो नोंदींशी ताडून पाहिला तर तंतोतंत जुळणार नाही. भरतीच्या वेळा सांगणाऱ्या ॲपमधली वेळही एखाद्या बंदराची असते, आणि खाडीत आत पाणी उशिरा चढतं. फरक किती आणि का पडला, हे शोधण्यातच त्याचा भूगोल पक्का होईल. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या) दिवसांत पाणी कुठवर चढलं, तेही लिहावं.

राहिला टीव्ही. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपवर उघडतात आणि त्यातला बराच आशय आधी डाउनलोड करून ठेवता येतो. वीज किंवा रेंज गेली तरी चार्ज केलेल्या टॅबवर तो चालतो. शाळा व्यवस्थापन समितीत हे मांडा. टीव्ही बसवताना नारळ फुटतो, पण त्यावर पाठ बसवायला शिक्षकांना वेळ मिळतो का, हे कुणी विचारत नाही, याची मला खरंच चीड येते. तुम्ही विचारा.

आणि सरांना विनंती करा : गुण त्याच्या नोंदींना द्या, आणि त्याला वर्गापुढे उभं करून पोरांना प्रश्न विचारू द्या.