शिडाच्या बोटीवरून मुलांसह देशोदेशी फिरताना कागदपत्रांचा त्रास किती होतो?

तुम्ही दोघं, शाळकरी वयाची दोन मुलं, स्वतःची बोट आणि वर्ष-दोन वर्षं समुद्रावर काढायचा बेत. वाऱ्यापावसाची तयारी झाली आहे, पण व्हिसा आणि कस्टम्सच्या गोष्टी ऐकून धास्ती बसली आहे, असं तुम्ही लिहिलंय. धास्ती अगदीच अनाठायी नाही. आम्हीही चौघं असेच फिरतो. बोट नवऱ्याच्या हातात असते आणि कागदांची फाइल माझ्या, त्यामुळे या बाजूचं मला सांगता येईल.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करा. कुठल्याही देशात तुमचा मुक्काम आणि तुमच्या बोटीचा मुक्काम हे दोन वेगळे हिशेब असतात. माणसांना परवानगी देतं इमिग्रेशन, बोटीला देतं कस्टम्स, आणि दोन्ही मुदती क्वचितच जुळतात. युरोपचंच बघा. शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, पाहुण्याला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. बोट मात्र युरोपीय संघाबाहेर नोंदलेली असेल आणि मालकही बाहेरचा रहिवासी असेल, तर व्हॅट न भरता ती १८ महिने राहू शकते. शिवाय बोट एकदा संघाबाहेरच्या बंदरात जाऊन आली की तिचे १८ महिने नव्याने सुरू होतात. माणसांचे ९० दिवस असे नव्याने सुरू होत नाहीत. मागचे १८० दिवस कायम तुमच्यासोबत चालत असतात. म्हणून भूमध्य समुद्रात पुष्कळ कुटुंबं ग्रीस-इटलीत काही आठवडे काढून तुर्कस्तान, अल्बेनिया, मॉन्टेनेग्रो किंवा ट्युनिशियाकडे वळतात. क्रोएशियासुद्धा पूर्वी याच कामी यायचा, पण १ जानेवारी २०२३ ला तो शेंगेनमध्ये आला आणि जुने मार्ग निकालात निघाले. त्यामुळे काही वर्षांपूर्वी कुणी लिहिलेला मार्ग जसाच्या तसा उचलू नका. ऑक्टोबर २०२५ पासून तर तिथे पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या जागी फोटो आणि बोटांच्या ठशांची संगणकी नोंद सुरू झाली आहे (१२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत). दिवसांचा हिशेब आता यंत्रच ठेवतं.

याच्या जोडीला ऋतूचा हिशेब असतो. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ. विमा कंपन्या त्या काळात अमुक पट्ट्याबाहेर राहण्याची अट घालतात. माणसांची मुदत, बोटीची मुदत आणि वादळाचा हंगाम हे तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी मांडून बघा. मी मार्ग आधी असाच आखते, नकाशा नंतर उघडते. कुठलं बेट किती सुंदर आहे यापेक्षा तिथून कधी निघावं लागणार, हे मला आधी कळायला हवं असतं.

बंदरात शिरण्याची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. ठरलेल्या प्रवेश-बंदरातच जायचं, पिवळा क्यू झेंडा (तपासणी व्हायची आहे, ही खूण) चढवायचा, आणि परवानगी मिळेपर्यंत पुष्कळ देशांत फक्त कॅप्टनने किनाऱ्यावर जायचं. बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. लांब पल्ल्यानंतर मुलांना जमीन समोर दिसत असते आणि उतरता येत नाही, हे त्यांना फार जड जातं. त्या तासांसाठी काहीतरी खास राखून ठेवा. आमच्याकडे न वाचलेली गोष्टींची पुस्तकं असतात. शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी पोहोचा, कारण सुट्टीच्या दिवशी काही ठिकाणी जादा शुल्क पडतं. आधी कळवायची मुदतही देशागणिक बदलते: न्यूझीलंडला किमान ४८ तास आधी, ऑस्ट्रेलियाला किमान १२ तास आधी. न्यूझीलंड बोटीच्या तळाची स्वच्छताही तपासतं, त्यामुळे तळ कधी घासला, रंग कधी दिला, याच्या पावत्या आणि फोटो जपून ठेवा.

येण्यापेक्षा मी जास्त जपते ते निघतानाचं क्लिअरन्स. तुम्ही मागच्या देशातून रीतसर निघालात, हे दाखवणारा तो कागद पुढच्या देशात बहुतेकदा सगळ्यात आधी मागतात. एकदा आमच्या क्लिअरन्सवर कारकुनाने बोटीच्या नावातलं एक अक्षर चुकीचं टाइप केलं होतं, आणि पुढच्या बंदरातला अधिकारी ही तीच बोट आहे हे मानायलाच तयार होईना. पूर्ण दुपार त्यात गेली. मुलं डेकवरून हाका मारत होती आणि आम्ही रजिस्ट्रेशन, विमा, जुन्या क्रू लिस्टा (बोटीवरच्या माणसांच्या याद्या) एकेक पुढे करत होतो. मला त्या दिवशी खरंच रडू आलं होतं. तेव्हापासून टेबलावरून उठायच्या आधी प्रत्येक नाव, क्रमांक आणि तारीख मी अक्षरावर बोट फिरवत वाचते. मागे रांग असली तरी वाचते.

अमेरिकेबद्दल वेगळं सांगायला हवं. जिथल्या नागरिकांना विमानाने व्हिसाशिवाय जाता येतं, त्यांच्यापैकी बहुतेकांनाही स्वतःच्या बोटीतून जाताना ती सवलत मिळत नाही. व्हिसा आधी काढावा लागतो, मुलांचासुद्धा. फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेनमध्ये नाही, तिथले दिवस वेगळे मोजले जातात.

कुणी मध्येच विमानाने येणार-जाणार असेल तर क्रू लिस्ट बदलावी लागते, आणि उतरणाऱ्या माणसाची जबाबदारी कॅप्टनवर असते. एकेरी तिकिटावर बोटीकडे परतणाऱ्याला विमान कंपनी विमानतळावरच अडवू शकते. अशा वेळी कॅप्टनचं सही-शिक्क्याचं पत्र आणि बोटीच्या रजिस्ट्रेशनची प्रत जवळ हवी. बोटीच्या नावाचा रबरी शिक्का करून घ्या. कायद्याने तो लागत नाही, पण बऱ्याच कचेऱ्यांत त्याने काम लवकर होतं. आई-बाबांपैकी एकच जण मुलांबरोबर असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र पुष्कळ ठिकाणी मागतात.

बोट जुनी घेतली असेल आणि तिची नोंदणी दुसऱ्या देशात हलवली असेल, तर रेडिओचा एमएमएसआय क्रमांक (बोटीची रेडिओवरची ओळख) बदलतो, कारण त्यातले पहिले तीन अंक देशाचे असतात. मग ईपर्बही (संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणारं यंत्र) नव्या क्रमांकाने कोड करून नव्याने नोंदवावा लागतो. हे एक काम कितीही कंटाळवाणं वाटलं तरी निघण्याआधी पूर्ण करा. संकटात ते बटण दाबलं तर शोधपथकाला बोट कुणाची, तिच्यावर किती माणसं, कुणाला फोन करायचा, हे त्या नोंदीतूनच कळतं.

आणि पासपोर्ट. मुलांचे पासपोर्ट पुष्कळ देशांत पाचच वर्षांसाठी मिळतात, आणि पुष्कळ देश आत घेताना किमान सहा महिने शिल्लक मागतात. त्यामुळे वापरण्याजोगा काळ साडेचारच वर्षं धरा. पानंही भराभर संपतात. नूतनीकरणासाठी आपल्या देशाचा दूतावास असलेल्या बंदरात कित्येक आठवडे थांबावं लागू शकतं, आणि तेवढे दिवस राहण्याची मुदतही त्या देशात मिळायला हवी. चौघांचेही पासपोर्ट निघण्याआधी नवे करून घ्या, जुन्यांची मुदत बाकी असली तरीही.