माहिती अपुरी असेल तर तर्काचा प्रश्न कसा सोडवावा?

दिलेली माहिती पुरेशी वाटत नसेल, तर काहीतरी गृहीत धरून उत्तर द्यावे का, असे आपण विचारले आहे. मुळीच देऊ नये.

इंदूरला भंवरकुआ भागातल्या एका शिकवणीत मी बँकेच्या परीक्षेची तयारी करत होतो. तिथल्या सराव परीक्षेत प्रश्न आला: क हे ख चे अपत्य आहे आणि ग हा ख चा भाऊ आहे, तर ग हा क चा कोण? इंग्रजी पानावर ‘अंकल’ असा पर्याय होता, हिंदी पानावर त्याच जागी ‘चाचा’ छापलेले होते आणि शेवटचा पर्याय ‘निर्धारित नहीं किया जा सकता’ हा होता. मी हिंदी प्रश्न वाचून शेवटचा निवडला, कारण ख पुरुष की स्त्री हे कुठेच सांगितलेले नव्हते; ख वडील असतील तर ग काका होतो आणि आई असेल तर मामा. इंग्रजीत हा भेदच नाही, म्हणून तिथे तेवढीच माहिती पुरते. सर म्हणाले, “इतना मत सोचो, पिता मान लो.” मी उठून फळ्यावर दोन वंशवृक्ष काढले, दोन्ही अटींत बसत होते, तरी सरांनी त्यावरून डस्टर फिरवले आणि माझा कापलेला पाव गुण तसाच राहिला.

ते दोन वंशवृक्ष हीच पद्धत आहे. सर्व अटी पाळणाऱ्या दोन मांडण्या करून पाहाव्यात. उत्तरे वेगळी आली की माहिती अपुरी. मात्र मांडणी पक्की नसली तरी उत्तर पक्के असू शकते. अ हा ब पेक्षा, ब हा इ पेक्षा आणि क हा ड पेक्षा उंच, एवढेच दिले असेल, तर सर्वांत उंच अ की क हे ठरत नाही, पण ब सर्वांत उंच नाही हे नक्की ठरते. कच्चे काम मराठीत करणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, कारण ‘क हा’ असे लिहिताच आपण न दिलेली माहिती भरलेली असते.

भाऊ पुरुष असतो, आठवड्याला सात दिवस असतात, एवढे अर्थातच धरावे. ‘ठरवता येत नाही’ हा पर्यायच नसेल, तर बहुधा आपल्या नजरेतून एखादी अट निसटलेली असते. प्रश्न पुन्हा वाचावा. पण वडीलच का मानायचे, आई का नाही, याचे कारण सरांनी त्या दिवशी दिले नाही आणि आजवर मला दुसऱ्या कोणीही दिलेले नाही.